बँडमधला क्लॅरोनेट



पर्युषण जवळ आलं की आपल्याकडे दोन चर्चा हमखास सुरू होतात. पारण्याला काय करायचं आणि तपस्वींच्या मिरवणुकीला बँड सांगायचा की डीजे. पारण्याबद्दल मागे लिहिलंच आहे. आज बँडबद्दल, आणि त्यातही चंदेरी कळांच्या त्या काळ्या वाद्याबद्दल, ज्याला आपण सगळे क्लॅरोनेट म्हणतो.

आळंदीत लग्नसराईत रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयाबाहेर बँड उभा असतो. ढोल कितीही दणाणले तरी गाण्याची चाल ओळखू येते ती बहुधा क्लॅरोनेटवरून. सनईला दोन पात्यांची जिभली, याला एकच पाती. म्हणून आवाज सनईपेक्षा मऊ आणि खर्जातही भरदार. 1700 च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवलं. आपल्याकडे आलं ते इंग्रजांच्या पलटणींच्या बँडबरोबर.

अमेरिकेतही लष्करी बँडची वाद्यं सामान्य माणसांच्या हाती गेली. न्यू ऑर्लिन्स शहरातले कृष्णवर्णीय वादक ती मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेतही वाजवत. त्यातून जाझ घडलं. ट्रम्पेटने चाल धरायची आणि क्लॅरोनेटने तिच्याभोवती वेलीसारखं फिरायचं! पुढे बेनी गुडमन या क्लॅरोनेटवादकाने 1938 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जाझची मैफल केली. वर्णभेदाच्या त्या काळात गोरे आणि काळे वादक एकाच मंचावर बसले. नंतर मात्र सॅक्सोफोनचा जोर वाढला आणि क्लॅरोनेट मागे पडला.

ते जाझ मुंबईलाही आलं. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. 1939 पासून तिथे गोमंतकीय मिकी कोरिया यांचा बँड होता. ते स्वतः सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेट वाजवत. अनेक गोमंतकीय वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. आपल्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके'साठी ट्रम्पेट, सॅक्सोफोनबरोबर क्लॅरोनेटही घेतला. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरोनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्याही तेव्हा घरोघरी ऐकल्या जात. बँडवाल्यांनी ती गाणी ऐकून ऐकून बसवली. म्हणजे ताजमध्ये साहेबलोक ज्या सुरांवर नाचत, ते सिनेमातून फिरून आपल्या वरातीत आले.

गेल्या वर्षी सूनबाईंची अठाई झाली. घरातल्या मुलांचा डीजेचा हट्ट. मी कॉमर्सची, वही काढली. डीजेचे पैसे मशीन, जनरेटर आणि एका मालकाला जातात. तेवढ्याच रकमेत बँडच्या बारा घरी चूल पेटते. मुलं म्हणाली, "मम्मी, हिशोब बरोबर आहे, पण मजा नाही." तरी बँडच ठरला.

सुपारी द्यायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "वहिनी, क्लॅरोनेट वाजवणारा आता मी एकटाच उरलो. मुलगा चाकणला कंपनीत आहे. ओठ बसायलाच वर्षं जातात, एवढा धीर कुणाला?" त्यांच्या मुलाला तरी काय म्हणणार? महिन्याचा पगार कुणाला नको असतो?

मिरवणुकीत एका घरात आजारी माणूस झोपलेलं होतं. मास्तरांनी हात वर केला, ढोल थांबले. पुढचा रस्ताभर एकट्या क्लॅरोनेटवर हळू आवाजात स्तवन चाललं. सगळ्या बायका गुणगुणू लागल्या. आपल्या तपाच्या आनंदाने दुसऱ्या जिवाला त्रास होऊ नये, ही अहिंसाच ना? डीजेवालाही आवाज कमी करेल म्हणा, पण त्याला आधी सांगायला लागतं.

म्हणून एवढंच सांगते. बँड ठरवताना क्लॅरोनेटवाला आहे ना, हे आधी विचारा. हवं ते स्तवन आठवडाभर आधी मोबाइलवर पाठवा, म्हणजे त्यांना बसवता येतं. बक्षिसी द्याल ती त्यांच्या हातात वेगळी द्या. आणि बरोबर शिकणारा एखादा पोरगा दिसला, तर त्याचंही नाव विचारा. आपलं नाव कुणी विचारलं की पोरं टिकतात.