काय धाडावे, काय ठेवावे

हैदराबादेत नल्लकुंटा येथील आमचा संगणक व गावी थोरल्या बंधूंचा संगणक ड्रॉपबॉक्सने जोडलेले आहेत. एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप उमटतो. बंधूंचा संगणक जुना, त्यात जागा थोडी. म्हणून वडिलांची पत्रे, जमिनीचे कागद व कुटुंबाची छायाचित्रे एवढेच फोल्डर आम्ही तिकडे धाडतो. निवडीची ही सोय २०१० साली आली.

वाचकहो, एक भेद मात्र ध्यानी असावा. निवडीतून वगळलेला फोल्डर त्या संगणकावरून जातो, परंतु कंपनीच्या साठ्यात राहतो. पुसून टाकलेला फोल्डर सर्वत्र नाहीसा होतो व ठरावीक मुदतीनंतर परतही मिळत नाही. जोडणी म्हणजे जतन नव्हे. यास्तव वडिलांच्या पत्रांची एक प्रत आम्ही निराळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवली आहे.