‘दस्तऐवज’ म्हणजे काय?

मी पोटासाठी करारनाम्यांचे अनुवाद करते आणि आवडीने कथा-कादंबऱ्यांचे. कथेत शब्दाचा अर्थ वाचता वाचता उलगडत जातो. करारात तो पहिल्या दोन-तीन पानांवर, ‘व्याख्या’ या शीर्षकाखाली, बांधून टाकलेला असतो. शब्दकोश सांगतो की लोक हा शब्द कसा वापरतात. करार बजावतो की या पंचवीस पानांत तो कसा वापरला जाईल. ‘दिवस’ म्हटले तरी रविवार आणि बँकांच्या सुट्ट्या वगळून किती उरतात ते पाहावे लागते.

इंग्रजी करारात असा बांधलेला शब्द ओळखू येतो, कारण त्याचे पहिले अक्षर मोठे असते. देवनागरीत मोठे अक्षर नाही. त्यामुळे साधा दस्तऐवज आणि व्याख्येतला ‘दस्तऐवज’ मराठीत एकसारखेच दिसतात. मग मी ‘सदर’ किंवा ‘उक्त’ लावते, नाहीतर प्रत्येक ठिकाणी अवतरणचिन्हे देते. पान टोचरे दिसते, पण इलाज नसतो. एका चिन्हावर कुणाचा तरी हक्क टांगलेला असतो.

कागदांना नावे देण्यात मराठी मुळीच गरीब नाही. खरेदीखत, गहाणखत, साठेखत ही खते. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र ही पत्रे. नाव चुकले की व्यवहार बदलतो. साठेखत हे पुढे विक्री करण्याचे वचन. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54नुसार तेवढ्याने घरात कसलाही हक्क निर्माण होत नाही. मालकी देते ते खरेदीखत. दोन्ही कागदांवर तेच घर, त्याच चतुःसीमा, त्याच माणसांच्या सह्या असू शकतात.

भाषा ओलांडली की हीच नावे वेगळे रूप घेतात. हिंदी पट्ट्यात खरेदीखताला ‘बैनामा’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘क्रयपत्र’. मी तौलनिक साहित्यात एम.ए. केले ते कोलकात्यात. तिथे निबंधक कार्यालयाजवळ ‘दलिल लेखक’ अशा पाट्या दिसत. मराठी डोळ्यांना ती युक्तिवाद लिहून देणाऱ्याची पाटी वाटावी. बंगालीत दलिल म्हणजे दस्तऐवज. अरबी मुळात या शब्दाचा अर्थ पुरावा. एका भाषेने त्याचा कागद केला, दुसरीने वाद. मला दोन्ही खरे वाटतात.

कायद्याची स्वतःची व्याख्या तर एखाद्या कवीला हेवा वाटावा इतकी ऐसपैस आहे. 1872च्या भारतीय पुरावा कायद्यात अक्षरांनी, अंकांनी किंवा खुणांनी कोणत्याही पदार्थावर व्यक्त केलेली गोष्ट म्हणजे दस्तऐवज. उदाहरणांत नकाशा आहे, धातूच्या पत्र्यावरचा किंवा दगडावरचा लेख आहे, आणि चक्क व्यंगचित्रही आहे. त्याची जागा घेणारा भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024पासून लागू झाला. त्यात ईमेल, मोबाइलमधले संदेश आणि ध्वनिसंदेशही आले.

आणि अनुवाद? द्विभाषिक करारांच्या शेवटाकडे बहुधा एक कलम असते: अनुवाद केवळ सोयीसाठी आहे, तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. हे वाक्य मी कितीतरी वेळा मराठीत आणले आहे. आपण लिहितो आहोत त्याला किंमत नाही, हे आपणच नेटक्या मराठीत लिहायचे. ज्याला इंग्रजी येत नाही तो माझे वाचून सही करतो. बांधला जातो मात्र न वाचलेल्या पानाला.

याच्या उलट एक जागा आहे आणि ती मला फार प्रिय आहे. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार, दस्त निबंधकाला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात प्रचलित नसलेल्या भाषेत असेल, तर सोबत खरा अनुवाद जोडावा लागतो. नाहीतर निबंधक तो नोंदवत नाही. पुढे कलम 62 सांगते की नोंदवहीत उतरतो तो अनुवाद, आणि नकला काढण्यापुरता तोच मूळ असल्याप्रमाणे मानला जावा. मूळ आणि अनुवाद यांवर आम्ही वर्गात तासन् तास वाद घातले. इथे एका रुक्ष कलमाने ठरवले की वाचणारा जिथे आहे तिथली भाषा मूळ.

व्याख्येची धार मला सर्वांत जवळून जाणवली ती काही वर्षांपूर्वी. एका कंपनीचे मोठे काम आले होते, तीन महिन्यांचे घरभाडे निघेल एवढे. त्यांच्या करारात ‘दस्तऐवज’ म्हणजे अंतिम अनुवाद, सर्व मसुदे, टिपणे, आणि कामात वापरलेल्या शब्दसूच्या; हे सगळे कंपनीच्या मालकीचे, आणि काम संपताच माझ्याकडच्या प्रती नष्ट करायच्या. मसुद्यांचे मला काही वाटले नाही. पण माझी शब्दसूची पंधरा वर्षांची होती. तलाठ्यांकडून, वकिलांच्या कारकुनांकडून, सोलापूरच्या मावशीकडून ऐकलेले शब्द तिच्यात होते. ‘पोटहिस्सा’, ‘वहिवाट’, ‘भोगवटादार’ यांपुढे माझ्या खुणा होत्या: कुठे चालतो, कुठे अडतो.

मी फोन केला. पलीकडचा तरुण वकील नम्र होता. “मॅडम, ही ओळ सगळ्यांच्याच करारात असते.”

मी म्हटले, “असेल. पण माझी सूची तुमच्या कामातून निघालेली नाही. ती घेऊन मी तुमच्या कामाला येते आहे.”

दोन आठवडे काही उत्तर नव्हते. काम हातचे जाणार असे धरून मी दुसरीकडे विचारपूस सुरू केली. दरम्यान 1957चा कॉपीराइट कायदा पुन्हा वाचला. त्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत तक्ते आणि संकलनेही येतात. म्हणजे मी अनुवादलेल्या कथांच्या शेजारी, कायद्याच्या एकाच फळीवर, माझी ही सूचीही बसू शकत होती. त्याच कायद्यात असेही आहे की हक्क लिहून दिले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असे धरले जाते. करार गप्प राहिला तर कायदा बोलतो. तो बोलला की मात्र त्याचे ऐकावे लागते.

शेवटी त्यांनी ‘पूर्वीपासूनचे साहित्य’ अशी नवी व्याख्या घातली आणि सूची माझ्याकडे राहिली. मसुदे त्यांच्याकडे गेले. माझ्या प्रती मी पुसून टाकल्या. त्यात एका कलमाचे चार पर्याय होते, त्यांतला दुसरा मला अजून आठवतो.

आता अनुवादकांची नवी मुले करार घेऊन येतात तेव्हा ती आधी दर दाखवतात, मग तारीख. मी त्यांना व्याख्यांचे पान उघडायला सांगते आणि तीन गोष्टी शोधायला लावते: मूळ कशाला म्हटले आहे, अनुवाद कशाला म्हटले आहे, आणि ‘सर्व’ हा शब्द किती वेळा आला आहे. प्रत्येक ‘सर्व’पुढे पेन्सिलने खूण करायची आणि विचारायचे: यात माझे काय काय गेले?