चोवीस तास पाण्याला माझा विरोध होता

चोवीस तास पाणीपुरवठा या कल्पनेला माझा अनेक वर्षं विरोध होता आणि तो मी उघडपणे मांडत आले. ज्या राज्यात उन्हाळा आला की गावोगाव टँकर फिरतात, तिथे शहरवाल्यांना दिवसरात्र नळ कशाला? पाणी दोनच तास येतं म्हणून लोक ते जपून वापरतात, नळ कायम चालू राहिला तर धरणं पुरणार नाहीत, असं मला मनापासून वाटे. आज मी दुसऱ्या बाजूला आहे.

जमिनीखालच्या वाहिन्यांत काय घडतं हे समजून घेत गेले, तसं मत बदललं. शुद्धीकरण केंद्रातलं पाणी उंचावरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते आपल्याच भाराने घरोघरी उतरतं. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असेल, तर फटीतून पाणी बाहेर पडतं, बाहेरचं आत येत नाही. व्हॉल्व्हमनने चावी फिरवून त्या भागाचं पाणी बंद केलं की वाहिनी रिती होते, आतला दाब जातो आणि शेजारच्या गटाराचं झिरपलेलं पाणी त्याच फटीतून आत शिरतं. त्यात लोकांनी थेट नळाला मोटर लावलेली असेल, तर घाण ओढूनच घेतली जाते. केंद्रात टाकलेला क्लोरीन तिला कुठवर पुरणार?

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये 2008 पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी होतं, बाकी शहरात काही दिवसांआड. एमिली कम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं आणि निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. मैला मिसळल्याची खूण असलेले ई. कोलाय जिवाणू काही दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात जवळपास 32 टक्के नमुन्यांत सापडले. चोवीस तासांच्या भागात एक टक्क्याहूनही कमी नमुन्यांत. तिथल्याच पुढच्या अभ्यासात लहान मुलांच्या जुलाबांत एकूण फारसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं; टायफॉइड मात्र कमी आढळला. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

उरला उधळपट्टीचा मुद्दा. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस मिळेल तेवढं भरून ठेवतो आणि नवं आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओततो. पाणी आल्याचं कळावं म्हणून तोटी उघडी ठेवण्याची सवय तर घरोघरी आहे. गळती शोधणंही अवघड होतं. पुरवठा अखंड असेल, तर रात्री दोन-तीनच्या सुमारास सगळे झोपलेले असताना वाहणारं पाणी मोजता येतं आणि त्यातला मोठा भाग गळतीचा असतो. दोन तासांत सगळेच पिंपं भरत असतील, तर हा हिशेब लागणार कसा? शिवाय दिवसभराचं पाणी दोन तासांत वाहून नेण्याचा भार त्या वाहिन्यांवर पडतो. टाकीजवळच्यांचं भागतं. शेवटच्या टोकाच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन ताटकळत बसतात. जिला मी काटकसर म्हणत होते, तिची किंमत त्या मोजत होत्या. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

कराडला लागून असलेल्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवले, वापर वाढेल तसा चढता दर लावला आणि चोवीस तास पाणी दिलं. मोठ्या शहरांचं काम याहून फार अवघड आहे. मीटर नसेल तर माझी जुनी भीती खरी ठरेल, हे मी आजही म्हणते. घरगुती गरजेपुरतं पाणी अगदी स्वस्त हवं आणि सुरुवात टोकाच्या वस्त्यांपासून व्हायला हवी, बंगल्यांच्या भागापासून नव्हे. या दोन गोष्टी ज्या योजनेत नसतील, तिला मी विरोध करीन. पण लोक पाणी उधळतील हे कारण त्यासाठी पुन्हा देणार नाही.