किराळ

आजोळ फुलंब्रीकडचं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना वीत-वीत हिरवे फुटवे आले होते. मामाची कालवड दावं तोडून त्यात शिरली. अर्धा-पाऊण तासात तोंडाला फेस, पाय लटपटले, आडवी झाली. आजी एवढंच म्हणाली, "किराळ लागली." इंजेक्शनची सोय होईपर्यंत कालवड गेली होती.

पुढे छत्रपती संभाजीनगरात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो आणि दरवर्षी मुलांकडून ती किराळ परीक्षानळीत करवून घेऊ लागलो. ज्वारीचा कोवळा कोंब ठेचायचा, क्लोरोफॉर्मचा एक थेंब टाकायचा, बुचाला पिक्रेटचा पिवळा कागद अडकवायचा. थोड्या वेळानं कागद विटकरी होतो. हायड्रोजन सायनाइड.

कोंबात आयतं सायनाइड नसतं. असतं ते धुरिन. डन्स्टन आणि हेन्री यांनी १९०२ मध्ये इजिप्तमधल्या कोवळ्या ज्वारीत ते शोधलं. अरबीत ज्वारीला 'धुरा' म्हणतात, त्यावरून नाव. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशी ते आपल्या रसकोशात भरून ठेवतात आणि ते फोडणारं विकर असतं आतल्या हिरव्या पेशींच्या हरितलवकांत. पानाच्या डब्यात चुना एका कप्प्यात, कात दुसऱ्यात. तोंड रंगतं ते चावल्यावरच. गुरांच्या कोठीपोटातले जंतूही या फोडणीला हातभार लावतात.

कोंबाच्या टोकाच्या शुष्क वजनात हे धुरिन ३० टक्क्यांपर्यंत भरतं. इवल्या रोपाला हा खर्च परवडतो कसा? वर्षानुवर्षं मी फळ्यावर तराजू काढायचो. एका पारड्यात वाढ, दुसऱ्यात संरक्षण. सूर्याकडून मिळालेली कमाई पान वाढवायला तरी घाला, नाहीतर विषाला. ज्वारीचं वागणं वरवर तसंच दिसतं. दोन-तीन पानांचं रोप, शेंडा गेला की सगळंच गेलं, म्हणून विष भरपूर. निसवायच्या सुमारास पान खरखरीत होतं, विषाचं प्रमाण उतरतं. कडब्यावर गुरं निर्धास्त जगतात ती त्यामुळे.

पण धुरिन बनतं टायरोसिनपासून आणि त्यात नत्र असतं. खरी चणचण नत्राचीच, कारण प्रकाशसंश्लेषणाची सगळी यंत्रं नत्रावर उभी. पाण्याचा ताण पडला की प्रकाशसंश्लेषणाच्या आधी वाढ थांबते. शोषलेलं नत्र नव्या पेशींत जात नाही आणि पानात धुरिनचं प्रमाण चढतं. वरून युरिया दिलेला असेल तर विचारायलाच नको. मराठवाड्यात किराळ लागते ती उघडिपीतल्या खुरट्या ज्वारीनं आणि धसकटाच्या फुटव्यांनी, त्याचं कारण हे.

तराजू मोडला तो २०१२ मध्ये. डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धुरिन अजिबात न बनवणारी ज्वारी मिळवली. खर्च वाचला, तेव्हा ती तरारून वाढायला हवी होती. उलट रोपावस्थेत ती थोडी मागेच पडली. ज्वारीला सायनाइड बाहेर न सोडताही धुरिन मोडता येतं आणि त्यातलं नत्र परत वापरता येतं. म्हणजे हे नुसतं हत्यार नव्हे. आजीच्या पाटल्या हातात मिरवायच्या आणि नड आली की सावकाराकडेही जायच्या, तसं काहीतरी. आता मी फळ्यावर तराजू काढत नाही. पाठ्यपुस्तकात तो आहेच, परीक्षेला मुलं काढतात, मी गुण देतो.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थबकलीय, चारा संपलाय, कापून बैलांना टाकू का? म्हटलं, आधी दोन-चार ताटं पोराबरोबर पाठवा. चहा यायच्या आत कागद लाल झाला. त्या दिवशी त्यांनी उसाचं वाढं विकत आणलं.