अक्काच्या लग्नातलं सोन्याचं घड्याळ

आपल्या भालकी-बसवकल्याणकडच्या जुन्या लग्नांच्या आठवणी निघाल्यात, म्हणून ही आमच्या घरची लिहितो.

१९७९ साली अक्काचं लग्न ठरलं. अक्का एसएसएलसी पास, गुलबर्ग्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणत होती. तिचं कोण ऐकतंय! याद्या करताना पाहुण्यांनी शेवटी हळूच सांगितलं, "मुलाला सोन्याचं घड्याळ पाहिजे." एचएमटी चालणार नव्हतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, बंगळूरला एचएमटीनं घड्याळं करायला घेतली तीही १९६१ लाच. आमच्याकडं घड्याळं तेवढी पोचली होती.

नवं परदेशी झेपणारं नव्हतं. तुरीचे पैसे कनवटीला लावून अण्णा मला घेऊन विकाराबादमार्गे हैदराबादला गेले. पत्थरगट्टीत एका दुकानदारानं आधी दोन पिवळीधमक घड्याळं दाखवली. अण्णांनी उलटी करून बघितली, तर मागचं झाकण पोलादी. नुसता मुलामा. मग त्यानं कपाटातून जुनं ओमेगा काढलं, चावीचं. झाकण सुरीनं उघडलं तर आत बारीक आकडे, ०.७५०. म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, अठरा कॅरेट.

दुकानदारानं अख्खं घड्याळ पारड्यात टाकलं आणि सोन्याच्या भावानं हिशोब मांडला. अण्णांना इंग्रजी अक्षर कळत नव्हतं, पण जन्म अडतीवर तूर घालण्यात गेलेला. म्हणाले, "सेठ, बारदाना वजा करो!"

तो बघतच राहिला. काच, पट्टा, आतलं यंत्र, यातलं काहीच सोन्याचं नव्हतं. सोनं वरच्या डबीचं. यंत्र बाहेर काढून नुसती डबी तोलली, तर वजन निम्म्याच्याही खाली आलं. यंत्राचे थोडे पैसे वेगळे धरून सौदा तुटला. वाचलेल्या पैशात अक्काचे पैंजण झाले. अण्णा ही गोष्ट गावभर सांगत सुटले.

अक्कानं घड्याळ हातात घेऊन एवढंच विचारलं, "केवढ्याला पडलं?" अण्णांनी तिला आकडा सांगितला नाही.

दाजींनी ते लग्नाकार्यातच घातलं. पुढं भाचीला गुलबर्ग्यातच बी.एड.ला घालायची वेळ आली, तेव्हा अक्कानं कुणाला न विचारता घड्याळ सराफाकडं नेलं. त्यानं डबी तोलून घेतली आणि यंत्र कागदात गुंडाळून परत दिलं. ते तिच्या कपाटात आहे. चावी दिली की अजून चालतं.