समुद्राचा जमाखर्च

‘हौसेला मोल नाही’ असे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या हातात दुकानदाराची यादी पडली नसावी. हौसेला मोल असते. ते रुपयांत लिहिता येते, आणि त्याखाली रेघ ओढून बेरीजही करता येते. लग्नाच्या हौसेची, घराच्या हौसेची बेरीज आपण करीत नाही, याचे कारण ती केली तर हौस उरणार नाही एवढेच!

माझ्या टेबलाच्या खणात अशी एक यादी आहे. माझ्या भाच्याने ती पुण्याहून पाठविली. दिवाणखान्यात समुद्र आणावा असे त्याच्या मनाने घेतले होते. गोड्या पाण्यातल्या माशांची काचपेटी पुष्कळ घरांतून असते. दोन-चार मासे, तळाशी रंगीत खडे, एखादा बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, की झाले. त्याला हवी होती ती खाऱ्या पाण्याची, खडकाची आणि प्रवाळाची पेटी. ताईचा मला फोन आला. “तू मास्तर आहेस. तुझे तो ऐकतो. त्याचे डोके जरा ठिकाणावर आण.”

मेहुण्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. मुलगा कामावर जाई, परत येई, मुकाट्याने जेवी आणि खोलीचे दार लावून घेई. दीड वर्षात त्याने घरात पहिल्यांदाच काही मागितले होते, आणि ते दीड लाखाचे होते.

वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला कोणताही कागद हातात आला की आधी चूक शोधण्याची सवय असते. मी लाल पेन्सिल घेऊनच बसलो. पण माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. यादीतील निम्मे शब्द मला कळेनात. म्हणून त्याला फोन केला, आणि जो मुलगा दीड वर्ष ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलला नव्हता, तो त्या दिवशी सव्वा तास बोलला.

पहिली रक्कम पेटीची. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हे उदाहरण मी दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गाला घातले. पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारे १९१ लिटर. नुसत्या पाण्याचेच वजन १९० किलोंच्या वर. काच, खडक आणि लोखंडी स्टँड धरले की अडीचशेच्या पुढे. म्हणजे ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात चार धट्टेकट्टे पाहुणे रात्रंदिवस एकाच कोपऱ्यात उभे राहणार! पेटी, स्टँड आणि यंत्रे लपविण्यासाठी खाली आणखी एक छोटी टाकी, मिळून ३०,००० रुपये.

त्यापुढच्या रकमा अशा : दिवा २४,०००, फेस काढणारे यंत्र १५,०००, पाणी वर चढविणारा पंप आणि लाटा उठविणारे दोन पंखे १३,५००, पाणी थंड ठेवणारा चिलर ३८,०००, पाणी शुद्ध करण्याचा संच ८,५००, मीठ आणि खारटपणा मोजण्याची नळी ९,०००, पाण्याच्या तपासणीची रसायने ७,०००, खडक आणि वाळू १४,०००. एकूण १,५९,००० रुपये. आणि गंमत म्हणजे या सगळ्या यादीत एकही जिवंत प्राणी नव्हता.

माझे घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा ही यादी वाचताना मला जे वाटले ते पुण्याच्या माणसाला वाटणार नाही. लाटांचे पैसे? आमच्याकडे त्या रात्री झोप लागू देत नाहीत! फेसाचे पैसे? पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर पिवळट फेसाचे ढीग येऊन पडतात. भाच्याने समजावून सांगितले, की तो फेस आणि त्याच्या यंत्रातला फेस एकच. पाण्यात विरघळलेली घाण, माशांच्या अंगची, उष्ट्या अन्नाची, बारीक बुडबुड्यांना चिकटते आणि वर येते. समुद्र ती किनाऱ्यावर नेऊन टाकतो. यंत्र एका वाटीत गोळा करते. वाटी दर दोन-तीन दिवसांनी धुवायची. वास कसा येतो ते ताईने मला नंतर सविस्तर सांगितले.

मग माझ्या ध्यानात आले, की ही यंत्रांची यादी नसून नोकरांची यादी आहे. समुद्र जी कामे बिनपगारी करतो, त्यातल्या एकेका कामावर एकेक नोकर ठेवायचा, आणि त्याला विजेचा खुराक द्यायचा. मी तोही हिशेब केला. दिवा शंभर वॉटचा, नऊ तास. पंप आणि पंखे मिळून साठ वॉट, चोवीस तास. फेसाचे यंत्र पंधरा वॉट, चोवीस तास. चिलर अडीचशे वॉटचा, उन्हाळ्यात आठ तास. दिवसाचे ४.७ युनिट, महिन्याचे १४१.

ही नोकरांची कल्पना माझ्या पदरची नव्हे. या छंदाचा आरंभच तशा एका नोकराणीपासून झाला आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला आणले. तेव्हा ना वीज, ना पंप. पाण्यात हवा मिसळली नाही तर ते जीव मरणार. मग तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. आपल्याकडे चहा निववतात तसे! पुढे बाईने पाण्यात समुद्रातल्या वनस्पती सोडल्या, आणि ते जीव लंडनच्या घरात जवळजवळ तीन वर्षे जगले. आज भाचा पंपाला तेरा-साडेतेरा हजार मोजतो, ते त्या मोलकरणीच्या हातांचे मोल आहे.

यादीत नसलेली एक किंमत त्याने मला सांगितली, ती काळाची. पेटी भरली, खारे पाणी केले, खडक मांडले, की लगेच मासे सोडायचे नाहीत. चार ते सहा आठवडे नुसते पाहत बसायचे. कुजलेल्या अन्नापासून आणि माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, तो विष. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात; ते थोडे असले तर चालते. हे डोळ्यांना न दिसणारे भाडेकरू खडकाच्या छिद्राछिद्रांतून राहायला येईपर्यंत घर रिकामे ठेवावे लागते. पैसा ओतून हे आठवडे फारसे कमी होत नाहीत.

येथवर माझी लाल पेन्सिल चाललीच नाही. ती चालली खडकाच्या रकमेपाशी. तो म्हणाला, “मामा, तुमच्याकडे वाळूत प्रवाळाचे मेलेले तुकडे पडलेले असतात. एक पोते पाठवून द्या ना. चौदा हजार वाचतील. आणि जिवंत प्रवाळ एक दुकानदार देतो म्हणालाय. जरा गुपचूप.”

मी नाही म्हणालो.

हा नकार देणे मला सोपे गेले नाही. बाप गेलेला मुलगा. मागून मागून त्याने मागितले काय, तर पायाखाली येणारे दगड! पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यात जे प्रवाळ आहे ते दगड नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाडाला असते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि भाड्यापोटी त्यातले बहुतेक घरमालकाला देते. त्यावर तो चुन्याचे घर बांधतो, वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. मेलेल्या तुकड्यालाही त्यातून सूट नाही. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ सालचे. मी वर्गात मुलांना हे शिकवतो. शनिवारी शिकवायचे आणि रविवारी पोते भरायचे, हे मला जमणारे नव्हते.

आणि कायदा नसता तरी मला गॉस यांची हकीकत ठाऊक होती. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली काचपेटीवर एक सुरेख पुस्तक लिहिले. ते वाचून इंग्लंडातली सभ्य माणसे टोपल्या आणि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटली, आणि खडकांतली डबकी ओरबाडून नेली. पुढे १९०७ साली त्यांच्या मुलानेच, एडमंड गॉस यांनी, बापाच्या आठवणी लिहिताना त्या उजाड किनाऱ्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. गॉस यांचे समुद्रावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? प्रेमानेच तो किनारा रिता झाला. एका पोत्याने मालवण ओस पडत नाही हे खरे. पण प्रत्येक टोपली एकेकच होती.

हे सगळे मी त्याला सांगितले. तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन आठवडे त्याचा फोन नाही. ताई म्हणाली, “पुन्हा दार लावून बसलाय.” त्या तीन आठवड्यांत माझी कादंबरी एक ओळही पुढे सरकली नाही. आपण बरोबर आहोत याचे समाधान माणसाला झोप आणतेच असे नाही.

चौथ्या आठवड्यात नवी यादी आली. खडक मानवनिर्मित, सच्छिद्र. प्रवाळ नाही. प्रवाळ नाही म्हणून त्यांच्या शेवाळासाठी लागणारा जबर दिवाही नाही. २४,००० च्या जागी ८,००० चा साधा दिवा. कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजणेही नको. रसायने ७,००० ऐवजी ३,००० ची. एकूण १,३९,०००. माझ्या नकाराने वीस हजार वाचले, पण त्याबद्दल घरात कोणी माझे आभार मानले नाहीत. मासे म्हणून दोन क्लाउनफिश, समुद्रातून धरलेले नव्हेत, हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडेच बसविले आहे. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला जो थोर होतो त्याची मादी होते. ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “घर कोणीतरी चालवायला नको का?”

मी नंतर ताईला फोन करून सांगितले, की त्याला अडवू नको. पैसे त्याचे आहेत, आणि दार उघडण्याचा भाव कधी कोणी कमी-जास्त करून मिळालेला नाही.

मात्र एक आकडा माझ्या मनातून जात नाही, ३८,००० रुपयांच्या चिलरचा. पुण्याच्या एप्रिलमध्ये पेटीचे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवायचे तर त्याला इलाज नाही. दोन-तीन अंश वाढले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. आमच्या समुद्राला चिलर नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसऱ्या अंशाने तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगचे शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरे पडते. घरमालक बिऱ्हाडकरूला घालवतो आणि मग स्वतः उपाशी मरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जगभर प्रवाळ असे पांढरे पडण्याचा हा चौथा प्रसंग आहे. एकशेनव्वद लिटर पाणी थंड ठेवण्याचा खर्च आता मला पैशापर्यंत सांगता येतो. बाकीच्या पाण्याची यादी कोणत्या दुकानदाराकडे मागावी?

पेटी लागून आता वर्ष झाले. दर आठवड्याला एक दशांश पाणी बदलायचे, म्हणजे एकोणीस लिटर. त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमप्रमाणे ६६५ ग्रॅम मीठ. वर्षाचे जवळजवळ पस्तीस किलो. इतके मीठ ताईच्या घरात लोणच्यालाही कधी लागले नसेल. शिवाय रोज दोन लिटर पाणी हवेत उडून जाते, ते गोड्या, शुद्ध पाण्याने भरून काढायचे. भाच्याला कामासाठी पंधरा दिवस बंगलोरला जावे लागले, तेव्हा हे काम ताईकडे आले. काचेवर पेन्सिलीची खूण केलेली आहे. पाणी खुणेखाली गेले की तांब्याने वर आणायचे. मी विचारले, “खारे पाणी घालत नाहीस ना?” ती चिडली. “एवढे कळते मला. मीठ उडत नाही, पाणीच उडते.”

मागच्या महिन्यात मी पुण्याला गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी रोजच्या चौकटीत आणखी एक बारीक आकडा होता : २६, २६.५, २६. मला वाटले रक्तातल्या साखरेचे काही तरी असेल. ते पाण्याचे तापमान होते. भाचा परत येऊन आठ दिवस झाले होते, तरी अक्षर ताईचेच होते.

जेवताना तिने विजेच्या बिलाची तक्रार काढली. मी म्हणालो, “मग बंद करू या पेटी.”

“बंद?” तिने हातातला डाव खाली ठेवला. “आणि त्या दोघांनी कुठे जायचे?”

बिलाचा विषय मी तेथेच सोडला आणि भात वाढून घेतला.