बॉनेटभोवतीची माणसं

उन्हाळ्यात कोल्हापूरहून पुण्याला निघालो की साताऱ्यापर्यंत आमची गाडी झकास पळायची. खंबाटकीचा चढ लागला की काटा वर सरकू लागायचा आणि निम्म्या घाटात इंजिन धापा टाकत बंद पडायचं. कार्बोरेटरच्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. इंजिनच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला ते पुढे ढकलता यायचं नाही. आई पिशवीतून जुन्या धोतराचं फडकं काढून कॅनमधल्या पाण्यात भिजवायची, वडील ते पंपावर गुंडाळायचे. मग आम्ही सगळे झाडाखाली. येणारा जाणारा ट्रकवाला ब्रेक मारून विचारायचा, ‘‘पाणी हाय का?’’ गाडी बंद पडली तरी माणूस एकटा पडत नसे.

त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या दिसायच्या, अ‍ॅम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट. हिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. गाडी ज्याच्याकडे असे, त्याला तिच्या पोटातलं थोडंफार कळावंच लागे. सकाळी चोक ओढायचा, प्लग काढून घासायचे, फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर उद्यमनगरातलं गॅरेज.

उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरची कर्मशाळा. लेथची घरघर, ओतकामाचा वास, ग्राइंडरच्या ठिणग्या. आमचे मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढायचे, पॉइंटमध्ये पॉलिश पेपर घालून हलक्या हातानं घासायचे आणि हॅकसॉ ब्लेडचा तुकडा सरकवून फट मापायचे. मला जवळ बोलावून म्हणायचे, ‘‘बघ, इथं काळं झालंय. म्हणून ठिणगी पडत न्हाई.’’ आधी दाखवायचं, मग सांगायचं, अशी त्यांची रीत.

काम होईपर्यंत दोन-तीन तास जायचे. बाकावर त्या दिवसाचा ‘पुढारी’ पानं सुटी करून पडलेला असायचा. पहिलं पान एकाकडे, बाजारभाव दुसऱ्याकडे, खेळाचं पान तिसऱ्याकडे, आणि सगळ्या पानांवर ऑइलचे ठसे. रेडिओवरच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या सगळ्यांनीच ऐकलेल्या असायच्या. त्यामुळे बातमी एकच असे, मतं मात्र बाकावर बसतील तितकी.

१९८२ सालचा उन्हाळा मला स्पष्ट आठवतो. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते आणि त्यातले कितीतरी आपापल्या गावी परतले होते. वडील कॉलेजात शिकवायचे. पेपर हातात घेऊन ते म्हणाले, ‘‘आता फार ताणलं. यांनी कामावर जायला हवं.’’

रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धूत एक माणूस खाली बसला होता. मिस्त्रींचा मेहुणा, आजरा तालुक्यातला. हात तसेच ओले ठेवून त्यानं वर पाहिलं. ‘‘सर, बारा वर्सं साच्यावर उभा ऱ्हायलोय. बदली म्हणून लागलो, आजून बदलीच हाय. सकाळी गेटवर जायाचं, काम मिळालं तर मिळालं, न्हाईतर परत खोलीवर. आता आत जाऊन पुन्हा बदलीच व्हायाचं काय?’’

वडील काही बोलले नाहीत. घरी येताना गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाले, ‘‘बदली म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं.’’ संप आता मिटावा, हे त्यांचं मत नंतरही तसंच राहिलं. पण ‘यांनी’ हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

आज माझी गाडी घाटात तापत नाही. खंबाटकीचा चढ न चढता बोगद्यातून निघून जाते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांची शोधाशोध संपली. माझी मुलगी रात्री एकटी पुण्याहून गाडी चालवत येते आणि मी निर्धास्त झोपतो. या सुखाची किंमत मला कळते. ते जुने हाल परत यावेत, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी काचेपलीकडे जाते आणि आपण सोफ्यावर अलीकडे बसतो. स्कॅनर जोडला की बिघाडाचा आकडा येतो, आकड्यावरून पार्ट बदलला जातो. काय बिघडलं होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. सोफ्यावर आम्ही आठ-दहा जण असतो, प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनमध्ये ज्याच्या त्याच्या आवडीची बातमी. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, ती बातमी मी अशाच सोफ्यावर वाचली. गळा दाटून आला. शेजारच्याला सांगावंसं वाटलं, पण त्याच्या कानात बोंडं होती.

गेल्या वर्षी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून फोनवर नुसता धुरळा उडाला होता. कोणी म्हणे गाड्यांचं वाटोळं झालं, कोणी म्हणे असं बोलणारे शेतकऱ्याच्या मुळावर उठलेत. त्याच दिवसांत माझ्या भावाची वीस वर्षांची गाडी घेऊन मी उद्यमनगरात गेलो. आता गॅरेज मिस्त्रींचा मुलगा चालवतो. बाकावर शिरोळचे एक ऊसवाले काका होते आणि दुचाकीवरून पार्सल पोचवणारा एक पोरगा.

पोरगा म्हणाला, ‘‘काका, माझं ॲव्हरेज कमी झालंय. दिवसभर गाडीवरच असतोय मी. माझ्याच खिशातनं जातंय की ओ.’’ त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. काका शांतपणे म्हणाले, ‘‘खरं हाय बाळा. पर आमचं बिल चौदा दिवसांत द्यायचं, असं कायदा सांगतोय आणि आम्ही महिनोन्‌महिने वाट बघत होतो. कारखान्याला इथेनॉलचा पैसा आला, तर आमच्या पोरांची फी येळंत जाती.’’

तेवढ्यात मिस्त्रींच्या मुलानं गाडीतली पेट्रोलची जुनी रबरी नळी काढून आणली. फुगलेली, मऊ पडलेली. मी लगेच म्हणालो, ‘‘बघा, इथेनॉलनंच!’’ त्यानं मान हलवली. ‘‘वीस वर्सं झाल्यात हिला, काका. वयानं गेली का इथेनॉलनं, एका नळीवरनं सांगता येत न्हाई. बदलू या, एवढं खरं.’’ अगदी मिस्त्रींचा हात होता तो. आधी दाखवायचं, मग सांगायचं, आणि जे दिसत नाही ते सांगायचं नाही.

नळी काकांनी अंगठ्यानं दाबून पाहिली, पोराकडे दिली, पोरानं माझ्याकडे. भांडण मिटलं नव्हतं. पण आता पोराला उसाचं बिल ठाऊक होतं आणि काकांना पोराचं ॲव्हरेज.

हल्ली गाडीचं काम नसलं तरी शनिवारी सकाळी मी पेपर घेऊन तिथे जातो. पानं सुटी करून बाकावर ठेवतो. ज्याला जे हवं, ते तो उचलतो.